‘नागडा जन्मलेला’ हे आडनाव आलं कुठून? विरळ डच आडनावाचा माग काढायची रीत

डेल्फ्टला राहत होतो तेव्हा शेजारच्या गल्लीत एका पत्रपेटीवर आडनाव होतं, ‘नाक्तखेबोरन’. डच नुकतं शिकायला घेतलं होतं, त्यामुळे दिसेल तो शब्द फोडून वाचायची खोड लागली होती. ‘नाक्त’ म्हणजे नागडा, ‘खेबोरन’ म्हणजे जन्मलेला. पोटदुखे, आगलावे, कानफाडे ऐकत वाढलेल्या माणसाला आडनावाचा धक्का तसा बसत नाही, पण हसू आलंच.

ऑफिसात विचारलं तर उत्तर तयार होतं. नेपोलियनने आडनाव सक्तीचं केलं. लोकांना वाटलं, हे फ्रेंच चार दिवसांचे पाहुणे, मग कशाला मनावर घ्या? कारकुनाची फिरकी घ्यायची म्हणून त्यांनी वाटेल ते लिहून दिलं. नेपोलियन गेला, आडनावं मात्र चिकटून राहिली. ही गोष्ट नेदरलँड्समध्ये शाळेतल्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळे सांगतात. फक्कड आहे, पण या आडनावापुरती तरी साफ चुकीची. हे नाव नेपोलियनच्या कितीतरी आधीपासून चर्चच्या वह्यांत सापडतं.

खरा उगम शोधायचा कसा, तेच इथे पायरीपायरीने सांगतो. एखाद्याचं सासर डच असेल, कुणाला जुन्या कागदात विचित्र नाव भेटलं असेल किंवा कुणाला माझ्यासारखी नुसतीच खाज असेल, तर रीत तीच. उदाहरणाला हेच नाव धरतो, कारण याच्यात जवळपास सगळे खड्डे आहेत.

पायरी १ : नाव उतरवून घ्या, आणि कानाने ऐका

हे आधी करा, नाहीतर पुढचे सगळे शोध रिकामे येतात. डच अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात, पण वाचायची वेगळी. ‘जी’ हे अक्षर घशातून येणाऱ्या ‘ख’सारखं वाचतात. ‘जे’ म्हणजे ‘य’. ‘ओ-ई’ म्हणजे ‘ऊ’. ‘आय-जे’ ही जोडी ‘एइ’सारखी म्हणतात, आणि जुन्या कागदांत तिच्या जागी सर्रास ‘वाय’ असतो. कॉम्प्युटर शिकलेल्या प्रत्येकाने ‘डायक्स्ट्रा’चा अल्गोरिदम घोकलेला असतो. ते एड्सखर डेइक्स्ट्रा, जन्म रॉटरडॅमचा, साल १९३०. ‘डेइक’ म्हणजे समुद्राला अडवणारा बांध आणि ‘स्ट्रा’ म्हणजे तिथला रहिवासी. बांधावरचा माणूस. उच्चार कळला की अर्ध्या नावांचा अर्थ आपोआप सुटतो.

मग जुनी शुद्धलेखनं मांडा. डच लेखनाचे नियम एकोणिसाव्या शतकात बसले, त्याआधी कारकून कानाला पटेल तसं लिहायचा. आपल्या नावातल्या ‘ए-ए’च्या जागी ‘ए-ई’ करून पाहा, ‘के’च्या जागी ‘सी-के’, ‘जी’च्या जागी ‘जी-एच’, एका ‘ओ’च्या जागी दोन. मधला ‘टी’ गाळून पाहा, ‘के’च्या जागी ‘सी-एच’ घालून पाहा. आठ-दहा रूपं होतात. ती कागदावर लिहून समोर ठेवा आणि प्रत्येक शोध त्या सगळ्यांनी करा. एवढा कंटाळा ज्याला झेपत नाही त्याने या भानगडीत पडू नये.

नावाआधी ‘फान’, ‘डे’, ‘फान डेर’, ‘टेर’, ‘टेन’ असं शेपूट असेल तर आणखी एक गंमत आहे. नेदरलँड्समध्ये यादी लावताना ते शेपूट बाजूला ठेवतात, म्हणजे ‘फान डेन बेर्ख’ हा ‘बी’खाली मिळेल. बेल्जियममध्ये तोच ‘व्ही’खाली. छापील सूचीत नाव नाही म्हणून हात टेकण्याआधी दोन्ही जागा बघा.

पायरी २ : नकाशा उघडा

विरळ आडनावाच्या बाबतीत माझा सगळ्यात आवडता टप्पा हा. नेदरलँड्समध्ये आडनावांची एक राष्ट्रीय पेढीच आहे, ‘नेदरलान्ड्से फामिलीनामेनबांक’. ती उभी केली अॅमस्टरडॅमच्या मेर्टेन्स इन्स्टिट्यूटने आणि आता ती हेगच्या कुटुंब-इतिहास केंद्राकडे आहे. हे केंद्र ‘सीबीजी’ या नावाने ओळखलं जातं. नाव टाकलं की दोन आकडे मिळतात. एक १९४७च्या जनगणनेचा, दुसरा २००७च्या लोकसंख्या नोंदणीचा. सोबत दोन्ही वर्षांचे नकाशे, कुठल्या नगरपालिकेत किती माणसं ते रंगाने दाखवणारे. पाचपेक्षा कमी माणसं असतील तर नेमका आकडा देत नाहीत.

दोन्हींत १९४७चा नकाशा जास्त बोलका. त्यानंतर लोक नोकरीपाठी देशभर पांगले. १९४७ला गडद ठिपका एकाच कोपऱ्यात दिसला तर नाव बहुधा तिथेच रुजलं, आणि ते धारण करणारे एकाच मूळपुरुषाचे असण्याची शक्यता मोठी. ठिपके चार दिशांना सुटे सुटे असतील तर एकच नाव वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं असणार. आपल्याकडे सगळे ‘सुतार’ नातेवाईक नसतात, तसंच.

नाक्तखेबोरनची दाटी दक्षिण हॉलंड या पश्चिमेकडच्या प्रांतात दिसते. नेपोलियनच्या गोष्टीला पहिली चीर इथेच पडते. १८११मध्ये नव्याने आडनावं घ्यावी लागली ती मुख्यतः उत्तरेत आणि पूर्वेत, म्हणजे फ्रीसलंड, ख्रोनिंगेन, ड्रेंथे, ओव्हरएइसल या भागात. हॉलंडात, म्हणजे पश्चिमेकडच्या प्रांतांत, आणि दक्षिणेत बहुतेकांकडे आडनाव आधीच होतं. थट्टेसाठी नाव घ्यायची वेळच तिथल्या बहुतेकांवर आली नाही.

त्याच पानावर नावाचा खुलासाही असतो. तो वाचा, पण अजून मानू नका. पुरावा गोळा झाल्यावर ताडून बघायला तो हवा.

पायरी ३ : नाव कुठल्या जातकुळीचं आहे ते ठरवा

डच आडनावांचे ढोबळ प्रकार पाच. बापाच्या नावावरून, गावावरून, धंद्यावरून, अंगलक्षणावरून किंवा स्वभावावरून, आणि घराच्या पाटीवरून.

पहिले दोन आपल्याला फार ओळखीचे. रेम्ब्रांटचं पूर्ण नाव ‘रेम्ब्रांट हार्मेन्सझोन फान रेइन’. स्वतःचं नाव, हार्मेनचा मुलगा म्हणून बापाचं नाव आणि शेवटी आडनाव. शाळेच्या दाखल्यावर आपण लिहितो अगदी तसंच. आणि ‘फान रेइन’ का, तर लायडनजवळ ऱ्हाइन नदीकाठी त्यांच्या घराण्याची पवनचक्की होती. ‘फान’ म्हणजे आपला ‘कर’, फक्त तो मागे न लागता पुढे लागतो. चित्रकार व्हॅन गॉगचं आडनाव सीमेपलीकडच्या ‘गोख’ या जर्मन गावावरून आलेलं, म्हणजे तो गोखकर. बोलीत डच लोक आडनावालाच ‘फान’ म्हणतात, इतकं ते अंगवळणी पडलं आहे.

गावावरून पडलेल्या नावाचं एक तर्कशास्त्र आहे. वेंगुर्ल्यात सगळेच वेंगुर्ल्याचे, तिथे कुणाला वेंगुर्लेकर म्हणून वेगळं ओळखायचं? गाव सोडलेल्या माणसालाच ते नाव चिकटतं. तेव्हा ‘फान अमुक’ नावाचा माग काढताना अमुक गावात सुरुवात करू नका, आसपासच्या दहा-वीस मैलांत करा. नियम मोडणारी नावंही आहेत. ‘डे फ्रीस’ म्हणजे फ्रीसलंडचा माणूस, पण खुद्द फ्रीसलंडात डे फ्रीस पोत्याने सापडतात.

शेवटच्या अक्षरांवरून प्रदेश कळतो. ‘स्ट्रा’, ‘स्मा’, ‘इंगा’ आलं की फ्रीसलंड. ‘इंक’ आलं की पूर्वेकडचा ट्वेंटे आणि आख्तरहुक. ‘यान्से’, ‘आड्रियान्से’, ‘पीटर्से’ असं ‘से’ने संपलं की झेलंड. ‘हेंड्रिक्स’चं शेवटचं ‘क्स’ अक्षर ‘एक्स’ने लिहिलं की दक्षिणेकडचा ब्राबांट, लिम्बुर्ख किंवा बेल्जियम. ट्वेंटेत आणखी एक रीत होती, तिने भल्याभल्यांची वंशावळ कोसळते. तिथे नाव माणसाचं नसे, शेतवाडीचं असे. घरजावई होऊन आला की बायकोच्या वाडीचं नाव घ्यायचा, दुसरी वाडी कसायला घेतली की तिचं. एकाच माणसाची मुलं दोन आडनावांनी नोंदलेली सापडली तर घाबरू नका.

शहरात तरी नाव पक्कं असेल असं समजू नका. चित्रकार फरमेर, इंग्रजी वळणाने व्हर्मीर, माझ्या डेल्फ्टचाच. ‘फरमेर’ म्हणजे ‘फान डेर मेर’, तळ्याकाठचा. त्याचे वडील रेइनीर यान्सझ खाणावळ चालवायचे. आधी ते ‘फोस’ हे आडनाव लावायचे. फोस म्हणजे कोल्हा, आणि त्यांच्या खाणावळीचं नाव होतं ‘उडता कोल्हा’. पुढे १६४०च्या सुमाराला ते फरमेर झाले. म्हणजे जगप्रसिद्ध आडनाव अवघ्या एका पिढीआधीचं.

पाटीवरची नावं म्हणजे हीच. घर, पवनचक्की, जहाज, गुत्ता, प्रत्येकाला नाव असायचं आणि ते मालकाला चिकटायचं. ‘झेल्डनरुस्त’ म्हणजे ‘क्वचितच विसावा’. वाचून वाटतं, कुणी तरी फार कष्टाळू पूर्वज असावा. पण हे पवनचक्क्यांचं आणि वाड्यांचं आवडतं नाव. ‘नोइटखेडाख्त’ म्हणजे ‘कधी वाटलं नव्हतं’, तेही तसलंच. फ्रीसलंडच्या एइल्स्त गावात १८६५ साली सुरू झालेला, स्केट्स आणि लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेला कारखाना याच आडनावाच्या घराण्याचा.

आता नाक्तखेबोरन यातल्या कुठल्या खणात बसतं? दिसायला चौथ्या, म्हणजे अंगलक्षणाच्या. इथे मी एक प्रश्न विचारतो, आणि प्रत्येक विचित्र नावाला तो विचारा असं आग्रहाने सांगतो. या नावाने त्या गावात कुणाला कुणापासून वेगळं ओळखता आलं असतं? ‘डे योंग’ म्हणजे धाकटा. एका गावात दोन यान असतील तर धाकट्या यानला हे नाव उपयोगी पडतं, म्हणून ते देशात सगळ्यात जास्त आहे. ‘फ्रुखिन्डेवेइ’ म्हणजे ‘सकाळी लवकर कुरणात’. खुरे-ओव्हरफ्लाके बेटाकडचं हे नाव, भल्या पहाटे गुरांमागे जाणारा कुणी तरी असणार, त्याला ते शोभतं. पण नागडा कोण जन्मत नाही? ज्या गोष्टीत सगळं गाव सारखं, ती आडनाव होऊ शकत नाही. वरवरचा अर्थ इथेच गळाला. म्हणजे ‘नाक्त’च्या जागी मुळात दुसरं काहीतरी असलं पाहिजे.

पायरी ४ : १८११चं कुंपण ओलांडा

आता कागद. डच कागदपत्रांचे दोन काळ पडतात आणि मधलं कुंपण म्हणजे १८११. हॉलंडचं राज्य, म्हणजे तेव्हाचं नेदरलँड्स, १८१०मध्ये फ्रेंच साम्राज्यात विलीन झालं. पुढच्याच वर्षी देशभर सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि १८ ऑगस्ट १८११ला आडनावाचा हुकूम निघाला. लिम्बुर्ख आणि झेलंडच्या दक्षिण पट्ट्यात ही नोंदणी आणखी पंधरा वर्षं आधीची आहे. तिथे १८०५अखेरपर्यंत फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातल्या तारखा भेटतात, त्या बदलून घ्याव्या लागतात. हुकूम सगळ्यांनी पाळला नाही, म्हणून राजा विलेम पहिला याला १८२५मध्ये पुन्हा बजावावं लागलं.

नाव घेतल्याच्या वह्या फ्रीसलंडच्या चांगल्या टिकल्या आहेत आणि लेउवार्डनच्या ट्रेसोआर या संस्थेत ठेवल्या आहेत. घरातला कर्ता पुरुष येऊन नाव सांगायचा, सोबत मुलंनातवंडं, त्यांची वयं, राहण्याचं गाव. सोनं आहे. फक्त एक फसगत होते. पुष्कळांनी *आधीचंच* नाव पुन्हा नोंदवून पक्कं केलं. १८११च्या वहीत नाव दिसलं म्हणजे ते १८११ला जन्मलं, असा निष्कर्ष काढू नका. नेपोलियनची गोष्ट अर्धी तरी या गैरसमजावर जगते आहे.

१८११नंतरच्या नोंदी घरबसल्या मिळतात. ‘वी वास वी’ आणि ‘ओपन आर्खीवेन’ ही दोन संकेतस्थळं देशभरच्या दफ्तरखान्यांच्या सूची एकत्र शोधतात. जुनी वर्तमानपत्रं ‘डेल्फर’वर आहेत. कायद्याने जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षांनी खुली होते. त्यामुळे जिवंत माणसाच्या आजोबांपर्यंत घरच्यांना विचारून जा आणि तिथून पुढे कागद धरा. मधली फट भरायला दोन साधनं आहेत. १८५०पासूनची लोकसंख्या-नोंदवही, आणि १९३९ ते १९९४ या काळात वारलेल्यांची व्यक्तिपत्रकं. या पत्रकांच्या प्रती सीबीजीकडून पैसे भरून मागवता येतात.

चालायचं नेहमी उलटं, मुलाकडून बापाकडे. सुरुवात लग्नाच्या नोंदीपासून करा, कारण त्यात नवरा, नवरी आणि दोघांचे आईवडील असे सहा जण एकदम हाती लागतात. डच बाईची नोंद मरेपर्यंत माहेरच्या नावाने राहते. आपल्याकडच्या दफ्तरात ‘अमक्याची बायको’ शोधताना डोकं आपटलेल्याला ही काय चैन आहे ते कळेल.

लग्नाच्या नोंदीपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे तिची *जोडपत्रं*. बहुतेक जण नोंद उतरवून घेतात आणि पुढे जातात. जोडपत्रांत दोघांच्या जन्माचा किंवा बाप्तिस्म्याचा उतारा असतो, म्हणजे १८११च्या आधीच्या वहीतलं नाव आयतं मिळतं. आईवडील हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचे उतारे, कधी आजोबांचेही. नवऱ्याच्या लष्करी दाखल्यात तर उंची, कपाळ, नाक, डोळ्यांचा रंग असं वर्णन असतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाक कसं होतं ते कळल्यावर आडनावाचा अर्थ थोडा वेळ बाजूला राहिला तरी चालतं.

पायरी ५ : चर्चच्या वह्या

कुंपणापलीकडे बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या चर्चच्या वह्या आहेत. अक्षर गॉथिक वळणाचं, पहिले आठ दिवस काही कळत नाही. लग्नांच्या पानापासून वाचा. तिथे वाक्यं ठरीव असतात, एक ओळ लागली की बाकीच्या लागतात. महिन्यांची नावं जुनी डच असू शकतात, म्हणजे नोव्हेंबरला ‘कत्तलीचा महिना’, कारण हिवाळ्याआधी जनावरं कापून मांस खारवायचे. ‘७बर’ लिहिलं असेल तर तो सातवा महिना नव्हे, सप्टेंबर. कॅथलिक वह्या लॅटिनमध्ये असतात, त्यात ‘यान’चा ‘योआन्नेस’ होतो. ‘यान्सझ’ म्हणजे यानचा मुलगा आणि ‘यान्सड’ म्हणजे यानची मुलगी.

अनेक गावांत एकाच नावाचे तीन यान असतात. कुठला आपला? इथे आपल्याकडचीच रीत कामी येते. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, पहिल्या मुलीला बहुधा आईच्या आईचं. सगळ्या भावंडांची नावं ओळीने मांडली की आजीआजोबांची नावं समोर उभी राहतात. पुरावा म्हणून एवढं पुरत नाही, पण तीन यानांपैकी दोन तरी गळतात.

जिथे जिथे नाव भेटेल तिथे साल, गाव, कारकुनाने लिहिलेलं रूप आणि *माणसाची स्वतःची सही* असे चार रकाने भरा. सही फार महत्त्वाची. कारकून एक लिहितो आणि त्याखाली नवरदेव दुसरंच लिहितो, असं वारंवार दिसतं. दोन्हींत तफावत असेल तर माझा कौल सहीला.

पायरी ६ : नाव बाहेरून आलंय का, बघा

डच शब्दाने अर्थ लागत नसेल तर सीमेपलीकडे पाहायचं. सतराव्या-अठराव्या शतकात हॉलंड श्रीमंत होतं आणि जर्मन मुलखातून माणसांचा लोंढा वाहत होता. गवत कापायला, गोदीत, घरकामाला, फौजेत, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर. त्यांची नावं डच कारकून डच कानाने ऐकायचा.

नाक्तखेबोरनचं कुलूप इथे उघडतं. जर्मनमध्ये ‘नाखगेबोरन’ म्हणजे *नंतर* जन्मलेला, बाप वारल्यावर जन्माला आलेलं मूल. आता मघाचा प्रश्न विचारून पाहा. या नावाने गावात एक माणूस वेगळा ओळखता येतो का? पुरेपूर येतो. डचमध्ये ‘नंतर’ला ‘ना’ म्हणतात, त्यात ‘ख’ नाही. त्यामुळे ‘नाख’ हे डच कानाला अनोळखी, आणि कान अनोळखी आवाजाच्या जागी ओळखीचा शब्द बसवतो. जवळ दोन शब्द होते, ‘नाख्त’ म्हणजे रात्र आणि ‘नाक्त’ म्हणजे नागडा. दुसरा बसला. पोरक्या जन्माची खूण सांगणारं नाव असं विनोदी होऊन बसलं.

असं स्थलांतर तपासायचं तर दोन जागा आधी बघा. एक, लुथेरन चर्चच्या वह्या, कारण जर्मन मंडळी तिथे जास्त. दुसरी, अॅमस्टरडॅमच्या नगर-दफ्तरखान्यातल्या वाङ्‍निश्चयाच्या वह्या, साल १५६५ ते १८११. लग्न ठरल्याची नोंद करताना नवरदेव कुठल्या गावचा ते लिहायचे. गाव मिळालं की जर्मनीतला तपास सुरू करता येतो. गावाचं नावही कारकुनाने कानानेच लिहिलेलं असतं, ही डोकेदुखी धरून चाला.

ईस्ट इंडिया कंपनीचे पगारपुस्तक म्हणजे तिसरा खजिना. १६९९ ते १७९४ या काळात जहाजांवर चढलेल्या लाखो खलाशी-सैनिकांच्या नोंदी हेगच्या राष्ट्रीय दफ्तरखान्याने खुल्या केल्या आहेत. नाव, मूळ गाव, जहाज, हुद्दा, आणि शेवट कसा झाला तेही. कोकणातल्या वाचकाला साहजिकच वेंगुर्ल्याची डच वखार आठवेल, पडक्या भिंतींची ती वास्तू अजून उभी आहे. पण ती वखार १६३७ची, या वह्यांच्या पुष्कळ आधीची. तिथल्या माणसांची नावं या यादीत शोधून उपयोग नाही, त्यासाठी कंपनीचा पत्रव्यवहार चाळावा लागतो.

विद्वानांची लॅटिन झालेली नावं हाही बाहेरचाच प्रकार, पण सोपा. नकाशे काढणारा मर्केटर मूळचा ‘क्रेमर’, म्हणजे फेरीवाला व्यापारी. कायदेपंडित ग्रोशियस म्हणजे ‘डे ख्रोत’, मोठा. उलट भाषांतर केलं की काम झालं.

एक आडवाट : सुरिनाम

काही विरळ डच आडनावांची मुळं युरोपात नाहीतच. १ जुलै १८६३ला दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत गुलामगिरी उठली आणि मुक्त झालेल्यांना आडनावं दिली गेली. मळेवाल्यांचं आडनाव जसंच्या तसं द्यायचं नाही, मग ते मोडून-जोडून दिलं. ‘डे फ्रीस’चं उलटून ‘फ्रीस्डे’ झालं. आठशे मीटर धावणारी सुरिनामची लेटिशिया फ्रीस्डे खेळाच्या बातम्या वाचणाऱ्यांना आठवत असेल. ‘विल्केन्स’चे तुकडे फिरवून ‘केन्सविल’ आलं. ‘माद्रेत्स्मा’ हे नाव रोमन लिपीत लिहून उलटं वाचा, अॅमस्टरडॅम मिळेल. नाव शब्दकोशात सापडत नसेल, जुन्या चर्चमध्ये सापडत नसेल, तर उलटं वाचून बघायला काही खर्च येत नाही.

पुढे १८७३पासून १९१६पर्यंत भारतातून ३४ हजारांहून अधिक करारबद्ध मजूर सुरिनामला गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. ‘लल्ला रूख’ हे पहिलं जहाज ५ जून १८७३ला पोचलं. त्यांच्यात आडनाव लावायची रीत सहसा नव्हती, एकेरी नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं, आणि तेही डच स्पेलिंगने. ‘यू’च्या जागी ‘ओ-ई’, ‘ज’च्या जागी ‘डी-जे’. हेगमध्ये एखाद्या दारावर डोळे ताणून वाचावं लागणारं नाव मोठ्याने म्हटलं की ओळखीचं सूरजन किंवा रामजन निघतं. या मजुरांची सूचीही राष्ट्रीय दफ्तरखान्यात शोधता येते.

पायरी ७ : शब्दकोश, पण त्या काळचा

आजच्या डच शब्दकोशात जुन्या आडनावाचा अर्थ बघू नका. १५००नंतरच्या डचसाठी ‘वोर्डेनबुक डेर नेदरलान्ड्से ताल’ हा महाकोश आहे. त्याचा पहिला भाग १८६४मध्ये निघाला आणि काम संपलं १९९८मध्ये. त्याआधीच्या शतकांसाठी मध्ययुगीन डचचे वेगळे कोश आहेत. लायडनच्या डच भाषा संस्थेच्या संकेतस्थळावर हे सगळे एकत्र आणि फुकट शोधता येतात. तुमच्या नोंदीतलं सगळ्यात *जुनं* रूप टाका, आजचं नको. शब्द मिळाला की तो कुठल्या प्रदेशात आणि कुठल्या काळात वापरात होता ते पाहा. तुमचं नाव झेलंडचं आणि शब्द फक्त ख्रोनिंगेनच्या बोलीतला, असं असेल तर अर्थ कितीही गोड असो, सोडून द्या.

बोलीचा हिसका कसा असतो बघा. ‘पूप’ हा शब्द आज डच पोरं विष्ठेसाठी वापरतात. पण उत्तरेत जर्मनीहून गवत कापायला येणाऱ्या मजुरांनाही चिडवून ‘पूप’ म्हणत. तो शब्द असलेलं आडनाव पाहून नाक दाबण्याआधी ही दुसरी शक्यता तपासायला हवी.

पायरी ८ : निकाल लिहा, हातचं राखून

शेवटी एका पानावर चार गोष्टी लिहा. सगळ्यात जुनं रूप, सगळ्यात जुनं गाव, त्या काळच्या भाषेतला अर्थ, आणि त्या अर्थाने माणूस वेगळा ओळखता येतो का. चारही जुळले तर पेन्सिलीचं शाईत करा. तीन जुळले तर ‘बहुधा’ लिहा. एकच जुळलं तर ती अजून गोष्ट आहे.

घराण्याचं बोधचिन्ह विकणाऱ्या दुकानांना पैसे देऊ नका. चिन्ह विशिष्ट कुटुंबाचं असतं, आडनावाचं नसतं, तुमच्या नावाचा कुणी उमराव होता म्हणून त्याची ढाल तुमची होत नाही. इंटरनेटवरच्या तयार वंशावळी दिशा दाखवायला ठीक, पण मूळ नोंदीचं चित्र स्वतः पाहिल्याशिवाय त्यातली एकही ओळ उतरवू नका. एकाने केलेली चूक शंभर जणांनी उतरवली की ती शंभर पुराव्यांसारखी दिसते.

आणि नावाचे धनी हयात असतील तर त्यांना जरूर विचारा, फक्त हसत विचारू नका. असल्या नावापायी त्यांनी शाळेत पुष्कळ सोसलेलं असतं. हास्यास्पद आडनाव बदलून घ्यायची सोय डच कायद्यात आहे, तरी पुष्कळ जण ते अभिमानाने ठेवतात. याच आडनावाच्या एका डच प्राणिशास्त्रज्ञाने स्लेइपर या सहकाऱ्याबरोबर १९७०मध्ये जर्मन भाषेत एक ग्रंथ लिहिला. विषय काय, तर माणसांत आणि प्राण्यांत जन्म कसा होतो, त्याचं जीवशास्त्र. त्याच्या मुखपृष्ठावर ‘नागडा जन्मलेला’ हे नाव लेखक म्हणून छापलेलं आहे.

पत्रपेटीवाल्या गृहस्थांना मी धीर करून एकदा विचारलंच. त्यांनी नेपोलियनची गोष्ट सांगितली, त्यांच्या आजोबांकडून आलेली. मी जर्मन ‘नाखगेबोरन’ सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, आजोबांचे वडीलही मूल जन्मायच्या आधीच समुद्रात गेले होते. मी ते वहीत ‘घरची आठवण’ या रकान्यात लिहून घेतलं, अर्थाच्या रकान्यात नाही.